वाळवीचे बिऱ्हाड

"वहिनी, चादर कमी पडतेय. ह्या टोकाच्या पेट्या उघड्याच राहतात."

धाकटा दीर स्टुलावर उभा राहून काचेच्या पेट्या झाकत होता. पेट्यांत ओली माती होती, लाकडाचे तुकडे होते आणि शिरांसारख्या पसरलेल्या बोगद्यांतून वाळवीची ये-जा चालू होती. पुढच्या खोलीत वाळवी मारण्याच्या धंद्याचे ऑफिस, मागच्या खोलीत हे बिऱ्हाड. नव्या कराराआधी मोठ्या हॉटेलचा मॅनेजर जागा पाहायला येणार होता, आणि धंद्याची निम्मी कमाई त्या एका हॉटेलची होती.

"आधी खाली उतर. पडलास तर पेट्या फुटतील."

"म्हणजे माझी काळजी नाहीच!"

"तुझी हाडं जुळतील. बोगदे जुळत नाहीत."

गल्ली वहिनींना वाळवीबाई म्हणे. कीटकशास्त्रात डॉक्टरेट घेऊन त्या विद्यापीठातून बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता: म्हातारी राणी मेल्यावर वसाहत पुढची राणी कशी ठरवते? हे त्यांना एकाच वसाहतीत, तिच्या जन्मापासून पाहायचे होते. किती वर्षे लागतील, असे अनुदान समितीने विचारले. "राणीला विचारावं लागेल," असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आणि समिती हसली. अनुदान तीन वर्षांचे असे; तेवढ्यात राणी म्हातारीसुद्धा होत नसे. मग बाईंनी नवऱ्याच्या साथीने फवारणीचा पंप खांद्यावर घेतला. दिवसा लोकांच्या घरची वाळवी मारायची आणि त्या पैशांवर आपल्या घरची पोसायची. दिव्याखाली पडलेली पंखवाली जोडी त्यांनी ओल्या भुशाच्या बरणीत ठेवली होती. त्या बरणीची आता खोली झाली होती. नवरा गेला, पंप दिराच्या खांद्यावर आला. राणी मात्र अलीकडे थकली होती. अंडी कमी झाली होती. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तो क्षण जवळ आला होता.

मॅनेजरला पुढची खोली पसंत पडली. भिंतीवर त्याच्याच हॉटेलने दिलेली, नाव कोरलेली लाकडी सन्मानपाटी होती. ती पाहून तो हसला. मग त्याने मागच्या दाराकडे बोट केले.

"आत काय?"

"अडगळ," दीर घाईने म्हणाला.

"वाळवी," बाई म्हणाल्या. "या, पण आधी हात धुवा. इथल्या औषधाचा अंशही तिकडे चालत नाही."

त्यांनी आत जाऊन चादर ओढून काढली. मॅनेजर हात न धुताच दारात थबकला.

"बाई, ही काय थट्टा आहे? मारायचे पैसे आमच्याकडून घेता आणि घरी पोसता?"

"पोसते. तुमच्याच पैशांनी."

"लोक म्हणतील, ह्याच सोडतात आणि ह्याच मारतात!"

"ताप आला की तुमचं रक्त प्रयोगशाळेत जातं ना? तिथंही जंतू वाढवतात. तिथलेच लोक ताप सोडतात, असं म्हणता का तुम्ही?"

"मला शास्त्र शिकवू नका. आठवड्यात खोली रिकामी करा. हलवा, जाळा, काहीही करा. करार तयार आहे."

"वहिनी," दीर खालच्या आवाजात म्हणाला, "गावाबाहेर एखादं गोदाम बघू. हलवू की हळूहळू."

"हलवलं की राणीची खोली ढासळेल. ह्या वयात ती वाचायची नाही. आणि आपणच धक्का देऊन मारली, तर त्यातून मला काय कळणार?"

"एका किड्यापायी एवढं?" मॅनेजर म्हणाला.

"तुमचा करार दर वर्षी नवा होतो. हिचं आयुष्य मला पुन्हा पहिल्यापासून पाहता यायचं नाही. मला तेवढी वर्षं उरलेली नाहीत."

"मग ती पाटी काढा. आमचं नाव इथं दिसायला नको."

"आत्ता काढते."

गाडी गेल्याचा आवाज आला, तसा दीर स्टुलावर मटकन बसला. "दोन माणसं कमी करावी लागतील."

"माणसं नाही. आपली गाडी विकू. आणि एक पंप मी घेते."

"ह्या वयात?"

"राणी ह्या वयात अंडी घालतेय."

"तुमच्यापुढं डोकं फोडून काय उपयोग!" तो म्हणाला आणि त्याला हसू फुटले. उठून त्याने पाटी उतरवली, बोटाने ठोकून पाहिली. "सागवान म्हणून मिरवत होते. हे तर खोक्याचं लाकूड, वर नुसता रंग!"

"रंग नीट खरवड. तो त्यांना बाधेल."

त्याने पाटी खरवडली, करवतीने कापली, भिजवली आणि टोकाच्या पेटीत ठेवली. बराच वेळ काही झाले नाही. मग दोन-चार कामकरी वाळव्या मिशा हलवत आल्या, लाकूड चाचपून परतल्या आणि आणखी काहींना घेऊन आल्या. कोरलेल्या नावाच्या खाचेत मातीचा पहिला ठिपका पडला. भिंगातून पाहणाऱ्या बाईंनी नोंद केली.

मग त्या पुढच्या खोलीत आल्या. खुंटीवरचा पंप त्यांनी पाठीवर घेतला. पट्टा दिराच्या मापाचा होता, सैल पडत होता. त्यांनी तो ओढला आणि चाचपत आपले जुने भोक शोधले. ते अजून तसेच, वापराने रुंदावलेले होते.