तिच्यासाठी सोडलेला कोपरा

हिंमतरावांनी शेगावच्या मालधक्क्यावरून, बेवारस मालाच्या लिलावातून विमान आणलं, तेव्हा सोजराबाईंना वाटलं, एवढ्या मोठ्या पेटीत कपाट असणार. कपाट घरात हवंच होतं. पण पेटीतून निघाल्या लाकडी फासळ्या, तारा, एक लहानसं इंजिन, कापडाचा गठ्ठा आणि जोडणीचं पुस्तक. लढाईच्या काळात हिंमतराव विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात हेल्पर होते. आता कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री. उन्हाळ्यात जिनिंग बंद, शेड रिकामी. तिथं ते एकट्यापुरतं विमान जोडायचं आणि वडनेरच्या पडीक रानातून एकदा तरी वर जायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पन्नाशीत नवऱ्याला असलं काही सुचलं की बायकोनं फार विचारू नये, सुईदोरा काढावा.

पुस्तक अर्धंच होतं. सांगाडा उभा होईपर्यंत चित्रं नीट, पुढची पानं गायब, आणि शेवटच्या पानावर विमान एकदम आभाळात. मधे कापड कसं मढवायचं ते सांगणार कोण?

सांगितलं डाव्या पंखानं. तो अर्धा शिवूनच आला होता. टाके बारीक, उलट्या कलाचे, एखाद्या डावखुऱ्या बाईचे. पुरुषाचा टाका घाईत असतो, तो सोजराबाईंना लांबूनही ओळखू येई. त्यांनी त्या बाईचाच टाका पुढं नेला आणि टोकाशी वीतभर शिवण उघडी सोडली.

"हे काऊन सोडलं?" हिंमतरावांनी विचारलं.

"तिचं आहे ते."

माहेरची रीतच तशी होती. दुसरीची अर्धी राहिलेली गोधडी पुरी केली, तर एक कोपरा तिच्यासाठी सोडायचा. हिंमतराव हसले. विमान म्हणजे काही गोधडी नाही, वारं शिरून फाटलं तर मी खाली येईन, सकाळी शिवून टाक, म्हणाले.

सकाळी शेड उघडली तर कोपरा शिवलेला. टाका उलट्या कलाचा. किल्ली रात्रभर सोजराबाईंच्या कमरेला होती. हिंमतरावांना वाटलं, बायकोनं ऐकलं. त्यांनी तोंडभर कौतुक केलं, आणि असं कौतुक वर्षाकाठी एखाद्या वेळी मिळत असल्यानं सोजराबाईंना ते नाकारवलं नाही.

मग कुठं अडलं की त्या थोडं उघडं ठेवत. सकाळी शिवण पुढं सरकलेली असे, कापड कुठं दुमडायचं ते कळे. भीती वाटलीच नाही असं नाही, पण शेजारणीची होते तशी माणसाला कशाचीही सवय होते. एकदा शेडमध्ये सुई विसरली, ती सकाळी दोरा ओवलेली मिळाली.

उडायच्या दिवशी रानात न्यायला बैलगाडी सांगून ठेवली होती. शेड उघडली तर बसायची जागा बंद. माणूस जिथून आत उतरतो, तिथं कापड ताणून शिवलेलं.

हिंमतरावांनी त्या कापडावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "भेव वाटत होतं तर सांगाचं होतं, सोजरा."

"म्या नाही शिवलं."

त्यांनी पहिल्या कोपऱ्यापासून सगळं सांगितलं. हिंमतरावांनी ऐकून घेतलं, उन्हानं होते असं, म्हणाले, आणि ब्लेडनं टाके उसवले. आत वाकून पाहिलं. काही नव्हतं. तरी सोजराबाईंनी एक दिवस मागून घेतला आणि त्यांनी तो दिला. त्या रात्री किल्ली मात्र स्वतःच्या उशाखाली ठेवली.

दुसऱ्या सकाळी जागा पुन्हा बंद. हिंमतराव ब्लेड घेऊन वाकले, उसवायला गाठ शोधू लागले. सगळ्या शिवणीवरून बोटं फिरली, गाठ सापडेना. सोजराबाईंनी कापड तळहातानं चाचपलं. गाठ होती, पण आतल्या बाजूला. शिवणारी बसते तिकडंच गाठ येते.

"तिनं अर्ध्यावर काऊन सोडलं असन," त्या म्हणाल्या, "हे आपुन इचारलंच नाही."

तेवढ्यात शेपटीची फळी जराशी वर उठली आणि खाली बसली. शेडमध्ये वारं नव्हतं. बसायच्या जागेतला दांडा ओढल्याशिवाय ती फळी हलत नाही. तार हिंमतरावांनीच जोडली होती.

त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात टाकलं आणि गाडी परत पाठवायला बाहेर गेले. सोजराबाईंनी पोलक्याला टोचलेली सुई काढली, लांब दोरा ओवला आणि ती पंखावर ठेवली. तिचा दोरा सरला असेल.

दार ओढून घेताना त्यांनी एकदा आत पाहिलं. पंखावर सुई नव्हती.