श्रीलक्ष्मीबाईंची सही

राष्ट्रीय प्रौढ साक्षरता परिषदेला यंदा तीन बीजवक्ते होते. दोघं विमानानं आले, आणि तिसऱ्या श्रीलक्ष्मीबाई त्याच शहरातल्या वेलचेरीहून शेअर ऑटोत कोंबून घेऊन. तंजावरकडच्या मराठी शिंप्यांच्या घरातली ही बाई. टी. नगरच्या साडीवाल्यांसाठी ब्लाउज शिवता शिवता डोळे अधू झाले, आणि त्याच अधू डोळ्यांनी त्या उतारवयात तमिळ वाचायला शिकल्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे ‘नवसाक्षर’ असं छापलं होतं, जसं काही ते त्यांचं आडनावच.

त्यांना एकच गोष्ट मागायची होती. वस्तीतला संध्याकाळचा वर्ग अचानक बंद झाला होता. का, ते सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती. शेजारची रम्या आणि बाकीच्या बायका अर्ध्या मुळाक्षरांवर लोंबकळत राहिल्या. तो वर्ग पुन्हा उघडा, एवढंच बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून आणलं होतं.

पहिले वक्ते हरिप्रसाद. विषय, ‘शिकणाऱ्याचं ऐका’. ते असे काही बोलत सुटले की शिकणारीचा वेळ त्यातच खपला. उरलासुरला दुसऱ्या वक्त्यांनी खाल्ला. आत बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. खरा भात बाहेर निवत होता आणि सगळ्यांचे डोळे दाराकडे लागले होते.

संयोजक हेमलता लगबगीनं आल्या. त्या मूळच्या नाशिकच्या. बाई मराठी बोलतात म्हणून त्यांना भारी कौतुक. “श्रीलक्ष्मीताई, वेळच उरला नाही हो. तुम्ही फक्त सही करा. तुमची सही हेच तुमचं भाषण!”

“अम्मी लिहून आणलंय की, अम्मा. थोडकंच आहे.” बाईंच्या तंजावरी मराठीत ‘अम्मी’ म्हणजे ‘आम्ही’.

“द्या ना माझ्याकडे, मी पोचवते वर,” म्हणत हेमलतांनी कागद पर्समध्ये टाकला. तो कुठे पोचला असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

परिषदेची एक प्रथा होती. व्यासपीठावर मोठा फलक, वर इंग्रजी मजकूर. नवसाक्षरानं आधी शाईचा अंगठा उमटवायचा, मग शेजारी सही करायची. अंधारातून उजेडात! बाईंनी अंगठा लावणं केव्हाच सोडलं होतं, तरी कुणीतरी तो धरून शाईत बुडवला.

सहीसाठी पेन हातात आलं तशा बाई थबकल्या. वर लिहिलंय काय? तमिळ असतं तर वाचलं असतं. अंगठेबहाद्दर होत्या तेव्हा त्या कुणाला हार गेल्या नाहीत. रेशनवाला असो की बँकेतला कारकून, ‘काय लिहिलंय ते आधी वाचून दाखव’ असं दरडावल्याशिवाय त्यांनी अंगठा पुढे केला नव्हता. पण आता त्या शिकलेल्या. साक्षरतेच्या बीजवक्त्या बाईनं भरल्या सभागृहात ‘मला वाचता येत नाही’ कसं म्हणायचं? लाजेनं कान तापले. त्यांनी झोकात सही ठोकली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

संध्याकाळी रम्या पायरीवर वाटच बघत होती. “अक्का, काय म्हणाले? वर्ग कधीपासून?” तिनं तमिळमध्ये विचारलं.

बाईंनी तोंड उघडायच्या आत कॉलेजातली नात कीर्तना फोन नाचवत बाहेर आली. परिषदेचा फोटो आला होता: आजी, फलक, निळा अंगठा. फलकावरचं इंग्रजी पोरीनं उत्साहाच्या भरात मोठ्यानं तमिळ करून सांगितलं, “आमच्या वस्तीत आता एकही निरक्षर नाही. आम्हाला वर्गाची गरज उरलेली नाही.” शेवटचे शब्द उच्चारताना तिचा आवाज खाली आला.

रम्या बाईंकडे वळली. “अक्का, हे वाचून सही केलीस?”

‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं. फसवलं गं मला, एवढं म्हटलं असतं तर रम्यानं तिथंच परिषदेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि अक्काला पोटाशी धरलं असतं. पण आमची आजी भाषण करणार म्हणून सकाळी गल्लीभर सांगत फिरलेली नात समोर उभी होती.

“वाचूनच केली,” त्या म्हणाल्या.

“बरोबर आहे. तुझं झालं शिकून,” रम्या म्हणाली, आणि उठून आपल्या घरात गेली.