आईले दिलेलं भाडं

माधव सर लबाडी करतील असं सावंगीत कोणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. हा माणूस रांगेत घुसत नाही, दुकानदारानं चुकून जास्त दिलेले सुटे परत करतो, परीक्षेत ओळखीच्या माणसाच्या पोराचीही चिठ्ठी धरतो. पण दोन वर्षांमागं शाळेतल्या कुणीतरी त्यांच्या कानाला लागून म्हटलं, "सर, घर आईच्या नावावर आहे न? मग आईले भाडं देतो म्हणून दाखवा. पावतीवर तिची सही, तिचा पॅन नंबर, झालं काम. टॅक्स कमी होते. सगळेच करतात." सगळेच करतात! या दोन शब्दांनी भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते, सरांचीही गेली.

आता आईला खरंच भाडं दिलं, बँकेतून दिलं, आणि आईच्या उत्पन्नात ते दाखवलं, तर त्यात काडीचंही गैर नाही. कायदाच तसं सांगतो. सरांनी फक्त एवढंच केलं, की दाखवायचं ते सगळं दाखवलं आणि द्यायचं तेवढं गाळलं.

नलूबाईंनी, म्हणजे सरांच्या आईनं, पावतीवर सही केली. "कायची हाय रे?" असं विचारलं, "शाळेचं काम आहे" हे ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. पोरगा मास्तर, तो का वाकडं काम सांगणार?

यंदा जुलैतल्या एका रविवारी धाकटी बहीण छाया आष्टीहून आईला भेटायला आली. ती तिकडे पतसंस्थेत नोकरीला. आल्या आल्या नलूबाईंनी मोबाईल तिच्या हातात दिला. "पाह्य न, हे काय आलं? चार दिवस झाले, मले त भेवच वाटून राह्यलं."

आयकर खात्याचा मेसेज होता. तुमच्या नावावर काही व्यवहार दिसतात, तपासून रिटर्न भरा.

"भिऊ नको," मोबाईलवर आयकराची साइट उघडत छाया म्हणाली. "रिटर्न भरायच्या आधी सरकारजवळ आपल्या नावानं काय काय लिहून हाय, ते पाहून घ्यावं लागते. मी सगळ्यांले हेच सांगते."

सर समोरच बसले होते. ही विद्या बहिणीला येते हे त्यांना ठाऊक होतं, पण सरकारही तितकंच हुशार झालंय हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांनी ज्याच्यावर वजावट घेतली, ते भाडं आईला मिळालं म्हणून तिच्या खात्यावर दिसणारच होतं! सरांना वाटलं, आता लाइट जावी, नेट जावं, काहीही जावं.

काही गेलं नाही.

"आई," छाया स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "तू दादाजवळून भाडं घेते? वर्षाचे एक लाख आठ हजार?"

नलूबाईंना काही कळेना. त्यांनी पोराकडं पाहिलं. पोराचा चेहरा पांढरा पडलेला. आईला तेवढं पुरलं.

"हो," त्या म्हणाल्या. "घेतलं म्यानं."

"पोटच्या पोराजवळून?"

"घेतलं न बाई. आता सोड."

"अन् मागच्या वर्षी तुह्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दादा म्हणे हात तंग हाय. मी झुमके मोडले, आई! माह्या लग्नातले. काऊन नाई सांगतलं तवा, पैसे हायेत म्हणून? कुठं गेले एवढे?"

जन्मात खोटं न बोललेल्या बाईला खोटंही धड जमेना. "देवाधर्माले गेले," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दारात पद्मा, सरांची बायको, उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली ती वर केली नाही.

छायानं बॅग उचलली, चपला पायात सरकवल्या. डोळे भरून आले होते तिचे. आणि सर बसलेलेच! म्हातारी आई त्यांच्यासाठी लेकीसमोर चोर झाली होती, आणि वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारा हा माणूस जागचा हलत नव्हता. धरणीमाय पोटात घे म्हणतात, ते कशाला म्हणतात हे त्यांना त्या घडीला समजलं. ती लाज आईच्या वाट्याला आणखी एक क्षणही ठेवणं त्यांना जमेना.

"छाया, थांब," ते कसेबसे म्हणाले. "आईनं एक पैसा घेतला नाही. मी खोटं दाखवलं. दोन वर्षं. सही घेतली तेव्हा तिला सांगितलंही नाही."

छाया दारातच खाली बसली. बॅग मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "यंदाचं भरलं?"

"मागच्या आठवड्यात."

"मग ते आजच सुधार. भाडं काढून टाक, निघेल तो टॅक्स व्याजासकट भर. गेल्या वर्षाचंबी दुरुस्त होते, जास्त पैसे लागतात, पण होते. नोटीस यायच्या आत सोताहून केलं तं निभते. नाई तं दंड हायेच." मग आवाज चढवून म्हणाली, "अन् दाखवायचंच असन भाडं, तं खरं देत जाय. दर महिन्याले, तिच्या खात्यात. घर तिचंच हाय न!"

"कोनाचं घर?" नलूबाईंनी विचारलं.

"हेच. तुह्या नावावर हाय, आई. बाबांनी प्लॉट तुह्याच नावानं घेतला होता. तू सही केली होती न कचेरीत?"

"त्याईनं जिथं म्हटलं तिथं केली. मले वाटे, माधवाच्या नावावर हाय."

सरांना वर पाहवेना. घराचे कागद त्यांच्याच कपाटात होते. भाड्याच्या पावतीसाठी आई मालकीण आहे हे त्यांनी शाळेला लिहून दिलं होतं. आईला मात्र सांगायचं राहून गेलं होतं.

नलूबाईंनी भिंतीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. मग पोराजवळ सरकल्या आणि पद्माला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्याला म्हणाल्या, "माधवा, मंग छायाले आजची रात राहू देशीन का रे? पद्माले चालन न?"