भुऱ्याच्या कानाला फोन

शिवकन्यानं उंबऱ्याशेजारचं जर्मनचं ताट उचललं तशी खालून झुरळं पळाली. ताटात कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि जाळ्यावर धूळ बसली होती. भुऱ्याचं ताट होतं ते. परवाच सासू फोनवर म्हणाली होती, आत्ताच भाकर खाऊन पडलंय.

बोचकी अजून अंगणातच होती. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि ऊसतोडीला गेलेली वस्तीवरची माणसं आज सकाळी आष्टीच्या अलीकडच्या फाट्यावर ट्रकमधून उतरली. दरसाल ट्रक दिसला की भुऱ्या फुफाटा उडवत यायचा आणि बाकी कुणाकडं न बघता शिवकन्याच्या पायात घुसायचा. आज आला नाही, तेव्हा ती मनाशी म्हणाली, हिंडत असेल शिवारात.

"आत्याबाई, भुऱ्या कुठंय?"

तिची सासू वच्छलाबाई चुलीपुढं पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

"तोंड धुऊन घे आधी. च्या टाकते."

"मी काय इचारलं?"

"गेलं गं बाई ते. तुमी गेलात त्याच महिन्यात. कडब्याच्या गंजीपाशी पान लागलं."

सापाचं नाव म्हातारी कधी तोंडानं घेत नसे. शिवकन्याला साप कळला, मरण कळलं, पण तो महिना काही डोक्यात शिरेना.

"मग इतके दिवस मी बोलत होते कुनाशी?"

दर बाजाराच्या दिवशी, फडावरून परत आलं की, ती घरी फोन लावायची. "भुऱ्याच्या कानाला लावा," म्हणायची. सासू म्हणायची, "लावला गं." मग ती राहायच्या कोपीच्या मागं जाऊन, पाचटाच्या ढिगाला पाठ टेकून बोलत सुटायची. मोळ्या वाहून मान कशी अवघडली, मुकादम कसा घाण बोलला, सगळं. जे नवऱ्यापुढं बोलायची सोय नव्हती, माहेरी सांगून उपयोग नव्हता, ते भुऱ्याला सांगायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच पट्ट्याला फडाच्या बांधावर सापडलेलं पिल्लू होतं ते. तिनं ओच्यात घालून घरी आणलं होतं, आणि या घरात आपलं म्हणावं असं तेवढंच एक होतं.

"साऱ्या वस्तीला ठावं असंल," ती म्हणाली. "येक मलाच न्हाई."

बाहेर बोचकी सोडणाऱ्या तिच्या नवऱ्यानं, बिभीषणनं, मान वर केली.

"येका कुत्र्यापायी आल्या आल्या कावून तोंड सोडलंयस? दुसरं पिल्लू आनू."

"मी मेले तर मला बी दुसरी आनताल."

बिभीषणनं हातातलं बोचकं तसंच टाकलं. टॉवेल खांद्यावर टाकून तो पाराकडं निघून गेला. शिवकन्याच्या अंगाची लाही लाही होत होती. वस्तीतलं माणूस गेलं तर निरोप येतो, जीप करून माणसं परत येतात, मुकादमसुद्धा चार दिवस गप्प बसतो. कुत्र्यासाठी कुणी साधं तोंड उघडू नये? सगळ्यांचं विसरून झालं होतं, आणि तिचं रडणं आज सुरू व्हायचं होतं. तेही एकटीनं.

"खोटं कावून बोललात?"

वच्छलाबाईनं पिठाचा हात परातीच्या काठावर पुसला.

"पैल्या डावाला सांगायलाच निघाले व्हते. तर तूच म्हनलीस, कानाला लावा. लावला मी. माझ्याच. तू रडत व्हतीस. मंग कसं सांगू?"

"अन् त्याच्या म्होरं?"

"म्होरं मला सवय लागली. भुऱ्या गेलं म्हनले असते तर तू फोन केला असतास का? आत्याबाई, तुमी जेवलात का, असं येकदा तरी इचारलंस?"

"म्हनून चोरून ऐकायचं?"

"ऐकलं."

"काय काय ऐकलं?"

"सगळं. म्हातारी तुला देती का सोताच गिळती, म्हनलीस, ते बी."

एरवी शिवकन्या लाजेनं मेली असती. आत्ता तिला नुसती चीड आली. कुणाच्या घरात पाय टाकावा तसं ही बाई तिच्या आतल्या बोलण्यात शिरली होती, आणि वर तोंड करून सांगत होती. आपण काय काय बोललो ते ती आठवायला लागली, आणि आठवता आठवता संक्रांतीच्या मागंपुढचा बाजार आठवला. त्या दिवशी ती भुऱ्याला म्हणाली होती, मुकादमीन म्हनती पिशवी काढून टाक, मंजी दर म्हैन्याला खाडा न्हाई पडत. नवरा बी तेच म्हनतोय. दवाखाना ठरलाय. मला लई भ्या वाटतंय रं.

पुढं चार दिवसांत बिभीषणनं तो विषयच सोडला होता. "ऱ्हाऊ दे ते," एवढंच म्हणाला, आणि दोन दिवस तोंड पाडून हिंडला. शिवकन्यानं लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोलला होता. तिला वाटलं, देव पावला.

तिनं ताट खाली ठेवलं.

"ह्यांना तुमी फोन केलता?"

"केलता." वच्छलाबाई पुन्हा पीठ मळू लागली. "म्हनलं, तिला त्या दवाखान्यात नेलंस तर ह्या घरात पाय ठिवू नगंस."

मग म्हातारी मान खाली घालूनच म्हणाली,

"माझी काढलीय. मला कोनी इचारलं न्हवतं."

शिवकन्याचा राग गेला नव्हता. भुऱ्या मेला तो मेलाच होता, आणि तिला फसवलं ते फसवलंच होतं. पण आता तो राग कुणावर काढायचा, ते धड ठरेना.

"पुरलंय कुठं?" तिनं विचारलं.

गोठ्याच्या मागं, लिंबाखाली मातीचा लहानसा उंचवटा होता. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले होते.

"खोरं उचलत न्हाई मला," वच्छलाबाई म्हणाली. "खुरप्यानं उकरलं. लई येळ लागला."

शिवकन्या खाली बसली. एक दगड सरळ होता, तोच तिनं पुन्हा सरळ केला. म्हातारी थोडा वेळ मागं उभी राहिली.

"बोल तू. मी जाते पल्याड. न्हाई ऐकत."

ती खरंच गेली. कुंपणापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतला.

शिवकन्यानं मातीवर हात ठेवला. "भुऱ्या," ती म्हणाली. डोळ्यातून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. मान वळवून तिनं कुंपणाकडं बघितलं. आवाजातला राग अजून तसाच होता.

"आत्याबाई, इकडं या. तिकडून काय ऐकू येनार हाय तुमाला?"