आक्काला मागे उकडतं

गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. तेवढ्या काळात एक गोष्ट मला पुरती पटली आहे: गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो. म्हणून माझ्या गॅरेजचा नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिला आहे. जो म्हणेल 'काही बिघडलेलं नाही', त्याने तक्रारीच्या जागी बसायचं आणि गाडी मी चालवायची.

त्या दुपारी तीन रांगांची मोठी गाडी आली. पुढून उतरले एक निवृत्त हेडमास्तर. मधली सीट पाडून, वाकत, शेवटच्या रांगेतून बाहेर पडली त्यांची थोरली बहीण, आक्का. तोंड लालबुंद आणि हातात कपड्यांची गच्च भरलेली बॅग.

"उद्या सकाळी धाकट्या बहिणीकडे निघतोय," मास्तर म्हणाले. "आठ तासांचा रस्ता. ही म्हणते मागे उकडतं. दोन वर्षं तेच पालुपद! तीनदा गॅस भरून घेतला, पुढे तर दात वाजतात. गाडी ठणठणीत आहे, एवढं हिला तुमच्या तोंडून सांगा. वयामुळे होतं असं. ही घरी थांबेल."

"मी थांबत नाही," आक्का म्हणाली. "धाकटीला पाहून तीन वर्षं झाली. ही बॅग आता तिच्याच घरी उघडेन."

"यांना पुढे का नाही बसवत?" मी विचारलं.

"ती बुटकी आहे ना. तिला पाय पसरायला जागा लागत नाही."

मी बाह्या वर सारल्या आणि कामाला लागले.

तीनदा गॅस! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आजवरच्या सगळ्या मेकॅनिकांनी पुढच्या सीटवर बसून मागचा निकाल दिला होता. मी थर्मामीटर लावला. पुढच्या झडपेत सात अंश, मागच्या झडपेत छत्तीस. मागचा पंखा जोरात फिरत होता, पण हवा चुलीजवळ बसल्यासारखी. गाडीखाली शिरून मागे जाणारा पाइप चाचपला तर तो बर्फासारखा गार. म्हणजे गारवा मागपर्यंत येत होता आणि तिथे येऊन वाया जात होता.

मास्तर बाहेर फोनवर बोलत होते तेवढ्यात मी मागच्या बाजूचं आवरण उघडलं. आत एक पडदी असते. ती एका बाजूला वळली की गार हवा, दुसऱ्या बाजूला वळली की हीटरची. तिला फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या गिअरचे तीन दाते तुटले होते आणि पडदी हीटरच्या बाजूला अडकून बसली होती. दोन वर्षं इंजिनाची धग थेट आक्काच्या मानेवर!

मी तिला हळूच सगळं सांगितलं. तिचे डोळे चमकले. मग तिने भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं.

"आधी हे," ती म्हणाली. "दुरुस्ती नंतर."

मला तेवढंच हवं होतं. तुटका गिअर खिशात टाकला, आवरण पुन्हा बसवलं आणि मास्तरांना शेवटच्या रांगेत कोंबलं. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले. आक्का ऐटीत माझ्या शेजारी बसली.

पाच मिनिटं झाली. आरशात मास्तरांचा चष्मा घसरताना दिसत होता.

"कसं वाटतंय रे?" आक्काने विचारलं.

"छान आहे. गार आहे."

"मला तर इथे थंडी वाजतेय बाई," आक्का माझ्याकडे बघून म्हणाली आणि खांदे चोळू लागली. हसू आवरताना माझ्या पोटात कळ आली.

दहा मिनिटं झाली. मास्तरांचा सदरा अंगाला चिकटला.

"अजून गार आहे?"

"आहे."

"झकास! मग उद्या मी येते. मागे गार आहे तर मला घरी ठेवायचं कारणच उरलं नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मास्तरांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. दोन सिग्नल गेले. मग मागून बारीक आवाज आला.

"आक्का, फार उकडतंय गं."

ती विजयाने वळली. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"मागच्या वेळी तू या गाडीतून उतरलीस आणि रस्त्यावरच कोसळलीस. मला वाटलं, तू गेलीस. डॉक्टरांना काही सापडलं नाही, तेव्हा तर मी जास्तच घाबरलो. गाडी ठीक आहे, म्हणजे तुझंच काहीतरी... पुन्हा तसं वाटेत झालं तर मी काय करू? म्हणून नको म्हणत होतो."

माझी मस्ती तिथल्या तिथे उतरली. मला स्वतःची लाज वाटली. मी गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, खिशातला गिअर त्यांच्या तळहातावर ठेवला आणि काय बिघडलं होतं ते सांगितलं.

"एवढंसं?" ते म्हणाले. "हिला काही झालेलं नाही?"

"काही नाही."

ते रडू लागले. भर रस्त्यात, लहान पोरासारखे. आक्का उतरून मागे आली. खाली वाकून तिने स्वतःच्या रुमालाने भावाचा घाम आणि डोळे एकदमच पुसले.

"मी मरत नव्हते रे गाढवा," ती म्हणाली. "शिजत होते."