तिवाचं नाव

“खिडकीपासून लांब बस, डोर्कस,” तिवा म्हणाली. “दिसशील त्यांना.”

मी मागे सरकले. अंगणात माणसं जमत होती. एका मोठ्या अंगणाभोवती खोल्याच खोल्या, असं आमचं घर. एका बाजूला तिवा आणि मी, समोर तिचा नातू ओपोकू आणि त्याची बायको फ्रेमा. त्यांच्या तान्ह्या मुलीला सकाळपासून ताप होता, आणि उद्या पहाटे तिचं बारसं व्हायचं होतं. बायका डोक्याला फडकी बांधून मोठमोठ्यानं प्रार्थना करत होत्या. प्रार्थना देवाची, पण तोंडं आमच्या दाराकडे.

“माझ्यासाठीच आल्यात त्या,” तिवा म्हणाली.

“तुझ्यासाठी कशाला येतील?” मी म्हणाले खरं, पण माझाच त्यावर विश्वास नव्हता. नुकतंच टेकडीपलीकडच्या वस्तीत एका म्हातारीला चेटकीण म्हणून दगडांनी मारलं होतं. तिनं तर जन्मात कधी चेटकिणीचं सोंगही घेतलं नव्हतं. भुईमूग विकायची बिचारी.

तिवानं मात्र ते सोंग वर्षानुवर्षं घेतलं, आणि तिचा चेहरा मी रंगवला. तरुणपणी ती फिरत्या नाटक मंडळीत शिरली, तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे. दाढीवर पावडर थापलेल्या त्या नायिकांना तिनं एका मोसमात घरी बसवलं. पुढे कुमासी शहरात सिनेमे निघू लागले. आधी ती नायिका झाली, मग सवत, मग विधवा. केस पांढरे झाले आणि मेल्या दिग्दर्शकांना तिच्यात चेटकिणीशिवाय दुसरं काही दिसेना. मी तिच्या डोळ्यांखाली काजळी ओढायची, ती एक डोळा बारीक करून हसायची, आणि घराघरांत टीव्हीसमोर बायका येशूचा धावा करायच्या. बाजारातली टोमॅटोवाली तिच्या हाताला हात लागू देत नसे, टोपली जमिनीवर ठेवून मागे सरकायची. “म्हणजे काम बरं जमलंय,” म्हणून तिवा हसायची. मला मात्र कधी हसू आलं नाही.

एकुलता मुलगा गेल्यावर ओपोकूला तिनंच वाढवलं. मुलगी झाली तेव्हा तो म्हणाला, हिला आजीचं नाव द्यायचं. आमच्यात नाव बापानं ठेवायचं. शुक्रवारी जन्मली म्हणून आफिया ती आपोआपच झाली, पुढचं नाव तिवा. ज्याचं नाव ठेवलं त्याचे गुण मुलात उतरतात, असं आम्ही मानतो. ते ऐकल्यापासून तिवाचे पाय जमिनीवर नव्हते. बारशाला नेसायचं पांढरं कापड तिनं पुन्हापुन्हा इस्त्री केलं. “पडद्यावर माझं नाव आलं की लगेच त्यावर दुसऱ्याचं येतं,” ती मला म्हणाली. “हे नाव राहील, डोर्कस.”

फ्रेमाच्या आईला, सेसिलियाला, ते पहिल्यापासून टोचत होतं. म्हातारीचं चेटूक नावाबरोबर पोरीत जातं, असं ती नळावर भांडी घासताना सगळ्यांना सांगत होती. त्यात पोरीला ताप आला. मग काय विचारता.

दार वाजलं.

“आजी, मी आहे.” ओपोकूचा आवाज.

तो आत आला, पण दारापाशीच उभा राहिला. तिवाकडे बघेना.

“त्या म्हणतायत, पोरीला सोड. त्या सिनेमात सोडलं होतंस तसं.”

“कुठल्या?” तिवानं विचारलं. खरंच विचारलं. सिनेमात तिनं कमी का पोरं धरली होती?

“तोंडात पाणी घेऊन उंबऱ्यावर टाकतेस, त्या.”

“आणि तुला काय वाटतं?”

ओपोकू दाराची कडी खालीवर करत राहिला. असा राग आला मला त्याचा. याच्या तापात रात्र रात्र जागलेली बाई समोर बसली होती.

“दवाखान्यात का नाही नेलं?” तिवानं विचारलं.

“चर्चचे पास्टर म्हणाले, हा दवाखान्याचा आजार नाही. सुई टोचली तर पोर जाईल.”

“त्या पास्टरची दाढ दुखली की तो कुठं जातो रे?” मी म्हणाले. “विचार की त्याला.”

“डोर्कस, गप्प बस. ओपोकू, पोर दूध ओढतेय का?”

“दुपारपासून नाही. रडतही नाही आता.”

तो गेला. तिवानं पाण्याचा लोटा जवळ ओढला. मग म्हणाली, “काजळी आण.”

“वेड लागलं का तुला? असं केलंस तर सगळं कबूल केल्यासारखं होईल. उद्या कुणाचंही पोर आजारी पडलं की दगड घेऊन इथंच येतील.”

“मला कळत नाही का ते? पण माझं साधं बोलणं ऐकणार आहेत का ते? चेटकिणीचं ऐकतील. आण लवकर.”

मी आणली. तिची हनुवटी धरली तर ती माझ्या बोटांत थरथरत होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मलाही रेघ नीट येईना. “तुझा हात स्थिर ठेव,” ती म्हणाली, “माझं मी बघते.”

ती दारात उभी राहिली आणि प्रार्थना थांबली. माणसं एकमेकांना ढकलत मागे सरली. एका माणसाच्या हातात वीट होती, ती मी बघितली. तिवानंही बघितली. तिनं तोंडात पाणी घेतलं, उंबऱ्यावर टाकलं, आणि एक डोळा बारीक करून हसली.

“धरलं होतं मी तिला,” ती त्या आवाजात म्हणाली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. “आता सोडते. पण पाण्यानं माझी गाठ अर्धीच सुटते. उरलेली मोठ्या दवाखान्यात सुटेल, पांढऱ्या कपड्यातल्या बाईच्या सुईनं. अंधार पडायच्या आत न्या. अंधार पडला तर पोर माझी.”

“ऐकू नका तिचं,” सेसिलिया ओरडली. “सुईनं मारायचा डाव आहे हा.”

लोक थबकले. वीटवाला एक पाऊल पुढे आला. समोरच्या खोलीच्या दारात फ्रेमा पोरीला छातीशी धरून उभी होती, आणि पोरीचा हात लोंबत होता. तिवानं त्या हाताकडे पाहिलं.

“सेसिलिया,” ती म्हणाली, “माझं नाव तिला देऊ नका. नावावाचून माझा तिच्यावर हक्क नाही. दुसरं काहीही ठेवा.”

हे वाक्य कुठल्याही सिनेमात नव्हतं. सेसिलिया तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनंच लेकीला रस्त्याकडे ढकललं. “टॅक्सी बघ, ओपोकू. उभा काय राहिलास?”

सगळे गेल्यावर मी तिवाला आत घेतलं आणि दार लावलं.

पोरीची नाळ पिकली होती. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर उपयोग नव्हता. हे ओपोकूनंच येऊन सांगितलं. सांगून झाल्यावर तो घुटमळला.

“आजी, तू खरंच तिला धरलं होतंस का?”

“पोर दूध पिते ना आता? मग झालं,” तिवा म्हणाली.

तो गेल्यावर मी तिच्यावर तोंड टाकलं. “नाही म्हणून सांगायला काय झालं होतं? एक शब्द. तो नाव तरी ठेवील तुझं.”

“आणि मी नाही म्हटलं आणि त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलंच नाही तर?” ती म्हणाली. “ते त्याच्या तोंडावर दिसेल मला. विटेची भीती वाटली नाही एवढी त्याची वाटते, डोर्कस.”

मी उठून तिचं पांढरं कापड घडी करून ठेवलं.

पुढच्या एका शुक्रवारी पहाटे बारसं झालं. येऊ नकोस असं कुणी म्हटलं नाही, ये असंही कुणी म्हटलं नाही. आम्ही दोघी आत बसलो. बाहेर एका म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणे पोरीच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवला असेल, मग दारूचा, कारण ती जोरात रडली. मग त्यानं नाव पुकारलं. आफिया कोनादू. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“चांगलं आहे,” तिवा म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं ते नाव उच्चारून पाहिलं. “कोनादू.” मग पुन्हा म्हटलं, शेवट जरा लांबवून, आजी जेवायला हाक मारते तसं. फक्त आवाज एवढा खाली ठेवला, की तो भिंतीपलीकडे जाऊ नये.