दुसरी सिस्टर

सकाळचा पहिला चहा होण्याआधी त्या घरात दोन कामं उरकलेली असत. सासूबाईंना इन्सुलिनची सुई टोचून व्हायची आणि अप्पांचं ब्लडप्रेशर मोजून व्हायचं. दोन्ही कामं सून करी. सुई इतकी हलकी टोचायची की सासूबाई "झालं का गं?" म्हणून विचारीत, तोवर ती बेसिनपाशी हात धूत असे. मग दारावरची बेल वाजे. शेजारच्या काकूंच्या पायाची पट्टी बदलायची असे, वरच्या मजल्यावरचं बाळ तापाने फणफणलेलं असे. सासूबाई दार उघडून मोठ्या कौतुकाने म्हणत, "या, या. आमच्या सूनबाईच्या हाताला गुण आहे."

गुण! नर्सिंगचं पूर्ण शिक्षण, परीक्षा, पुरुषांच्या वॉर्डात उभं राहून काढलेली वर्षं, सगळं त्या एका शब्दात गुंडाळून माळ्यावर टाकलेलं होतं. नर्स हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. लग्न ठरताना सासूबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "मुलगी पसंत आहे, शिक्षणही पसंत आहे. फक्त नोकरी सोडायची. आमच्यात ते चालत नाही." आणि सुनेच्या माहेरच्यांना एवढं चांगलं स्थळ आल्याच्या आनंदात त्यात काही वावगं दिसलं नाही. म्हातारपणी घरात फुकटची नर्स हवी, पण ती जगाच्या कामाला यायला नको, असा हा हिशेब. अशी घरं थोडी नाहीत. वाचणाऱ्याने जरा आपल्या नात्यागोत्यात डोकावून पाहावं.

सुनेला मात्र वॉर्डाची आठवण सुटत नव्हती. वॉर्डात ती थकायची, चिडायची, पण आपण कोण आहोत हे तिला तिथे कोणाला विचारावं लागत नसे. एकदा तिने अप्पांजवळ विषय काढला. अप्पा टपालखात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब, सुनेवर त्यांचा जीव होता.

"अप्पा, मला परत जायचंय. तुम्ही आईंशी बोलाल?"

"बोलतो की. बघू," अप्पा म्हणाले.

बघू हा अप्पांचा आवडता शब्द. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही आणि कोणासाठी भांडणही केलं नाही. बायकोसमोर तर त्यांची बोलतीच बंद होत असे.

एका दुपारी वॉर्डाच्या प्रमुख, थोरल्या सिस्टर, स्वतःच घरी आल्या. रजेच्या दिवशीही त्यांच्या पायात ड्यूटीचेच बूट होते. सासूबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि चहा संपेपर्यंत वाट न पाहता विचारलं, "काय काम काढलंत?"

"हिला परत मागायला आले."

"ते शक्य नाही हो."

थोरल्या सिस्टर उठल्या नाहीत. त्यांच्या तोंडाचा फटकळपणा साऱ्या रुग्णालयात प्रसिद्ध होता. "नर्सा मिळत नाहीत म्हणून वरून रोज ओरड असते," त्या म्हणाल्या. "मिळत नाहीत कसल्या? दरवर्षी पोरी पास होऊन येतात. टिकत नाहीत. एक परदेशात गेली, तिथे माणसासारखं वागवतात म्हणे. एक कंत्राटावर राबून राबून कंटाळली, आज आहे उद्या नाही अशा नोकरीत कोण जीव टाकेल? एकीच्या थोबाडीत पेशंटच्या भावाने मारली, ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. आणि उरलेल्या तुमच्यासारख्यांच्या घरी येतात, लग्न होऊन."

"आमच्यासारख्यांच्या म्हणजे?"

"म्हणजे जिथे नर्स चालते, नर्सची नोकरी चालत नाही."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "परक्या पुरुषांची अंगं पुसायची, घाण काढायची, रात्री-अपरात्री यायचं. उद्या मला माझ्या मुलीचं लग्न जमवायचंय. लोक तोंडावर हसतील आमच्या."

"लोक आजारी पडतात तेव्हा नाही हसत," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "हे बघा, रिकाम्या जागा भरा, मुलींना कायम करा, त्यांच्या पोरांना सांभाळायला एक खोली द्या, रात्री घरी सोडायला गाडी द्या, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ते भांडण माझं मी करते. तुमच्या हातात एवढंच आहे. हिची वाट अडवू नका."

सुनेने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, आणि म्हणाले, "बघू."

थोरल्या सिस्टर कप खाली ठेवून निघून गेल्या. सासूबाईंनी तो कप दोनदा घासून घेतला.

पुढच्याच महिन्यात अप्पा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. नेलं कुठे? त्याच रुग्णालयात, त्याच पुरुषांच्या वॉर्डात. ऑपरेशन चांगलं झालं. त्या दिवशी सून त्यांच्याजवळ होती, पण दुसऱ्या दिवशी नेमके नणंदेला पाहायला मुलाकडचे यायचे होते. वडील रुग्णालयात असताना पाहुणे पुढे ढकलावेत असं नणंद दोनदा म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "असं स्थळ पुन्हा दारात येत नाही. ऑपरेशन तर नीट झालंय ना?" मुलाकडच्यांना सून पदवीधर आहे आणि घर सांभाळते, एवढंच सांगितलेलं होतं. वॉर्डात तिला कोणी ओळखून सिस्टर म्हणून हाक मारली आणि ती बातमी तिकडे पोचली तर, ही धाकधूकही होतीच.

"हिला राहू दे ना माझ्याजवळ," अप्पा पडल्या पडल्या म्हणाले.

"तुमचा मुलगा आहे की! पाहुण्यांचं कोण करणार?" सासूबाई म्हणाल्या.

अप्पांनी सुनेचा हात थोपटला. "बघू," ते म्हणाले. हा शब्द तिने त्यांच्या तोंडून शेवटचा ऐकला.

अप्पांच्या मुलाचं, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचं, रंगाचं दुकान होतं. दुकानात हा माणूस गिऱ्हाइकाशी साखर पेरून बोलत असे, पण वॉर्डात पाऊल टाकताच त्याला आपण मालक असल्यासारखं वाटू लागलं. सकाळपासून त्याने ड्यूटीवरच्या सिस्टरला धारेवर धरलं होतं. ती चष्मेवाली, नुकतीच लागलेली पोर. खाटा भरलेल्या, काही पेशंट खाली गाद्यांवर, आणि पाळीला ती एकटी. इंजेक्शनं तिनेच द्यायची, औषधांचा साठा तिनेच मोजायचा, फोनही तिनेच उचलायचा. अप्पांना लघवीचं भांडं द्यायला तिला उशीर झाला, तेव्हा हा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "एवढ्या माणसांना एकच सिस्टर? दुसरी कुठे मेली?"

पोरीने चष्मा सारखा केला आणि भांडं दिलं.

दुपारी दुखणं असह्य झालं म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने अप्पांना जोरकस औषध टोचलं. त्यांना झोप लागली. थोड्या वेळाने ती त्यांना हाक मारून उठवायला, श्वास पाहायला आली, तर मुलाने तिला हातानेच थांबवलं. "आता कुठे डोळा लागलाय त्यांचा. किती छळाल? जा तुम्ही."

"अहो, या औषधानंतर उठवून बघावं लागतं."

"तुम्हाला मघाशी भांडं द्यायला वेळ नव्हता, आता बरा वेळ मिळाला? जा म्हटलं ना!"

सकाळपासून शिव्या खाऊन ती पोर दमली होती. तेवढ्यात पलीकडच्या टोकाच्या पेशंटला रक्ताची उलटी झाली आणि ती तिकडे धावली.

त्याच वेळी घरी बैठकीच्या खोलीत पाहुणे येऊन बसले होते. नणंद मान खाली घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. सून चहाचा ट्रे घेऊन आली तेवढ्यात फोन वाजला. सगळं कसं छान चाललंय हे पाहुण्यांनाही कळावं, म्हणून सासूबाईंनी स्पीकर लावला.

"कसे आहेत रे अप्पा?"

"एकदम मजेत. ऐक कसे घोरतायत! ती सिस्टर उठवायला आली होती मघाशी, मी पार हाकलून लावलं तिला."

पाहुणे हसले. मुलाने फोन अप्पांच्या तोंडाशी धरला. त्या खोलीत सगळ्यांनी तो आवाज ऐकला. एक लांब खर्र, मग काहीच नाही, मग पुन्हा एक ओढलेली, अडकलेली खर्र. घशात जीभ मागे पडून वाट बुजली की येतो तो आवाज. ट्रे तिथेच ठेवून सून फोनकडे झुकली.

"ते झोपलेले नाहीत! हनुवटी वर उचला त्यांची, जागं करा, सिस्टरला बोलवा—"

सासूबाईंनी फोन बंद केला. "सासऱ्यांची काळजी वाटते हो फार तिला," त्या पाहुण्यांना हसून म्हणाल्या आणि सुनेला ढकलतच स्वयंपाकघरात घेऊन आल्या. "ही काय नर्सगिरी लावलीस चारचौघांत? मुलीचं लग्न मोडायचंय का तुला? चहा दे आधी, मग काय करायचं ते कर."

सुनेने नवऱ्याला फोन लावला. वडिलांची झोपमोड नको म्हणून त्याने तो बंद करून ठेवला होता. वॉर्डाचा फोन लावला. तो वाजत राहिला, वाजत राहिला, कोण उचलणार? आणि मग तिने ती गोष्ट केली, जी तिला पुढे जन्मभर छळणार होती. ती बाहेर गेली आणि तिने चहा दिला. एकेकाच्या हातात कप दिला, साखर विचारली. सगळ्यांच्या हातात कप गेल्यावर ती मागच्या दाराने निघाली आणि रस्त्यावर दिसेल त्या पहिल्या गाडीत बसली.

ती पोचली तेव्हा चष्मेवाली अप्पांच्या खाटेवर गुडघे टेकून त्यांची छाती दाबत होती. तिच्या झग्यावर दुसऱ्या पेशंटचं रक्त होतं. सुनेने पर्स टाकली, अप्पांची मान मागे केली आणि श्वास द्यायला लागली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या वॉर्डात दोन सिस्टर झाल्या होत्या. डॉक्टर आले. बऱ्याच वेळाने त्यांनी दोघींनाही थांबायला सांगितलं.

घरात सांत्वनाला माणसं येऊ लागली. जो तो विचारी, कशाने गेले? आणि मुलगा सांगे, "सिस्टरच्या हलगर्जीपणाने." चार वेळा सांगितल्यावर त्याला ते खरंच वाटू लागलं. त्याने तक्रार केली. रुग्णालयाने नातेवाइकांच्या समाधानासाठी चष्मेवालीला तडकाफडकी घरी बसवलं आणि चौकशी नेमली. जागा भरण्याचा निर्णय व्हायला वर्षं लागतात, एका पोरीला काढायला एक दुपार पुरते.

चौकशीच्या आदल्या दिवशी नवरा सुनेला म्हणाला, "तू बोल तिथे. तुझ्या बोलण्याला वजन येईल. तू स्वतः नर्स आहेस."

त्या घरातल्या माणसाने तिला नर्स म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

सुनेला नुसतं बघू म्हणत राहिलेल्या अप्पांची आठवण आली आणि त्यांच्यावर रागही आला. "बोलते," ती म्हणाली.

चौकशीच्या खोलीत लांबलचक टेबलामागे रुग्णालयाचे साहेब बसले होते, मागच्या खुर्च्यांवर घरची माणसं. चष्मेवाली भिंतीलगत उभी होती, तिला बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही प्रशिक्षित आहात," साहेब म्हणाले. "तुमच्या मते सिस्टर पेशंटला पाहायला गेली नाही?"

"गेली होती. माझ्या नवऱ्याने तिला हाकललं. ते त्यांनी स्वतः फोनवर सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलं."

"खोटं बोलतेय ही!" नवरा उठला.

"मीही ऐकलं," मागून आवाज आला. नणंद होती. ती उभी राहिली होती. सासूबाईंनी तिचा पदर ओढला, ती बसली नाही.

साहेबांनी घसा साफ केला. "तरीसुद्धा, त्या पाळीला दोन सिस्टर असायला हव्या होत्या. दुसरी कुठे होती?"

"होती ना, साहेब," सून म्हणाली. "याच वॉर्डातली होती, शिकलेली, हात बसलेली. तिला तो आवाज ओळखता आला होता. पण ती आमच्या घरी पाहुण्यांना चहा देत होती."

नवरा खाली बसला.

चष्मेवालीला निर्दोष सोडलं. पण जिच्या अंगावर पेशंटचा मुलगा धावून आला आणि जिच्या बाजूने आपल्या साहेबांनीही तोंड उघडलं नाही, ती पोर कशाला थांबेल? महिनाभरात ती परदेशी निघून गेली. तिच्या जागी सून रुजू झाली. सासूबाईंनी त्या दिवसापासून तिच्याशी अबोला धरला, इन्सुलिनसाठी दंड मात्र रोज पुढे करत राहिल्या. नवऱ्याने सांगितलं, "मला हे पसंत नाही." सून म्हणाली, "नसू दे." मुलाकडच्यांनी नकार कळवला. नणंद म्हणाली, बरं झालं, आणि तिने नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी सुरू केली. तिला घरातून होकार मिळेल की नाही, ते अजून ठरायचंय.

एक आली, एक गेली. वॉर्डात पाळीला पुन्हा एकटीच.

परवा एक धिप्पाड माणूस आपल्या भावाच्या खाटेपाशी उभा राहून सुनेवर ओरडत होता. भावाला कुशीवर वळवायचं होतं, ते काम एकटीच्या हाताने होईना. "एवढ्या मोठ्या वॉर्डात तुम्ही एकट्या? दुसरी सिस्टर कुठे आहे?"

तिने वर पाहिलंही नाही.

"असेल कोणाच्या तरी घरी," ती म्हणाली. "तोवर तुम्ही जरा यांचे खांदे धरा, दादा."